ब्रेक मारलेली कार मागे कशी येईल? नववीच्या उदाहरणात अडकलोय

भोईवाड्याची_आई

नमस्कार. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. मी कॉमर्सची, त्यामुळे गणितात तिला जमेल तेवढी साथ देते, विज्ञान मात्र दोघी मिळून वाचतो. पहिल्याच धड्यात गतीची तीन समीकरणं आहेत. ती तिला पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी 'व्ही बरोबर यू अधिक एटी' म्हणेल (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, टी वेळ). अडलंय ते एका उदाहरणापाशी.

क्लासच्या सरावपत्रिकेत असं आहे: एक कार ताशी ७२ किमी वेगाने जात आहे. ब्रेक लावल्यावर तिच्यात ४ मी/से² इतके ऋण त्वरण निर्माण होते. ब्रेक लावल्यापासून ८ सेकंदांत ती किती अंतर कापेल?

हिने ७२ ला ५/१८ ने गुणून २० मी/से काढले. मग एस = यूटी + ½एटी² मध्ये किमती घातल्या. २० × ८ = १६०. ½ × ४ × ६४ = १२८. १६० − १२८ = ३२ मीटर. मागे छापलेलं उत्तर ५० मीटर.

तिने मग आपणहून ८ च्या जागी ५ सेकंद घालून पाहिले, तर उत्तर आलं ५० मीटर! तेव्हापासून माझ्या मागे लागलीये. "आई, पाच सेकंदांत पन्नास मीटर गेली आणि आठ सेकंदांत बत्तीस? मधल्या तीन सेकंदांत ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला का?" क्लासमध्ये विचारलं तर "५० लिही, पुढचं घे" एवढंच ऐकायला मिळालं. ती पुढचं घ्यायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचं म्हणणं पटतंय. सूत्र चुकतंय की उदाहरण?

विद्याविहार_मेकॅनिकल

ताई, सोपं आहे. ३२ हे विस्थापन आहे (निघाल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर), कापलेलं अंतर नव्हे. कार ५ सेकंदांत ५० मीटर पुढे गेली, नंतरच्या ३ सेकंदांत १८ मीटर मागे आली. अंतर = ५० + १८ = ६८ मीटर. छापलेलं उत्तर चुकीचं आहे.

गोरेगाव_स्लो

ब्रेक मारला की गाडी १८ मीटर मागे येत असती, तर सायनच्या सिग्नलला रोज काय झालं असतं विचार कर भावा 😂

खडू_डस्टर

मी गिरगावात शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. हे उदाहरण मला फार आवडलं, म्हणून जरा लांबण लावते.

ताई, मुलीची आकडेमोड बरोबर आहे. एकक, चिन्ह, वर्ग, सगळं नीट. छापलेलं ५० सुद्धा बरोबर आहे. विद्याविहारच्या दादांचं ६८ मात्र नाही.

तिन्ही समीकरणं एकाच अटीवर उभी आहेत. ज्या कालावधीसाठी ती वापरायची, त्या संपूर्ण कालावधीत त्वरण तेवढंच राहिलं पाहिजे. पुस्तकात ही अट 'एकसमान त्वरण' एवढ्या दोन शब्दांत येऊन जाते आणि पोरं थेट चौकटीतल्या सूत्रावर झडप घालतात. इथे त्वरण −४ आहे ते किती वेळ? ० = २० − ४टी, म्हणून टी = ५. पाचव्या सेकंदाला कार उभी राहिली. तिथून पुढे त्वरण −४ नाही, शून्य. चाकं आणि रस्ता यांच्यातलं घर्षण गतीला विरोध करतं. गतीच संपली की सपाट रस्त्यावर विरोध कशाला करायचा? ते कारला उलट ढकलत नेत नाही. समीकरणाला यातलं काहीच ठाऊक नसतं. तुम्ही टी = ८ लिहिलंत, त्याने आठही सेकंदं −४ चालू आहे असं धरलं आणि इमानदारीत उत्तर काढून दिलं.

आता हा ३२ आला कुठून तेही तिला पाहू दे. आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वेग. २० पासून निघालेली तिरकी रेघ ५ पाशी आडव्या अक्षाला टेकते. तिच्याखालचा त्रिकोण: ½ × ५ × २० = ५०. हेच कारने कापलेलं अंतर. आता रेघ न थांबवता तशीच ८ पर्यंत खाली ओढा. तिथे वेग येतो −१२. अक्षाच्या खाली एक छोटा त्रिकोण तयार झाला: ½ × ३ × १२ = १८. सूत्राने तो वजा केला, ५० − १८ = ३२. तिला आता टी = २ घालून बघायला सांगा. ४० − ८, पुन्हा ३२! म्हणजे दुसऱ्या सेकंदाला कार जिथे होती, नेमकं तिथेच समीकरण तिला आठव्या सेकंदाला परत आणून उभं करतं. वेगही तोच १२, फक्त तोंड उलटं.

असं प्रत्यक्षात घडतं का? घडतं, पण कारच्या बाबतीत नाही. चाळीच्या चौकातून चेंडू सरळ वर फेका, वेग २० मी/से. गुरुत्वत्वरण हिशेबाला १० धरा, हवेचा विरोध सोडून द्या. १ सेकंदाने चेंडू १५ मीटर उंचीवर असेल आणि ३ सेकंदांनीही १५ मीटरवरच. वरच्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या असलेल्याला तो दोनदा दिसणार, जाताना आणि येताना. इथे दादांचा हिशेब अगदी चपखल बसतो: २० मीटर वर, ५ मीटर खाली, अंतर २५ आणि विस्थापन १५. कारण चेंडू माथ्यावर पोचला तरी त्वरण बदललेलं नाही.

पुस्तकात ग्राफवरून समीकरणं सिद्ध केली आहेत, समलंब चौकोनाची आकृती असते बघा. बहुतेक मुलं ती 'पाच मार्कांची सिद्धता' म्हणून घोकतात. ती सिद्धता म्हणजेच समीकरणाचा अर्थ आहे. रेघेखालचं क्षेत्रफळ हे अंतर, हा विचार चौदाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांच्याकडे सापडतो. उतारावरून गोळे सोडून अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे गॅलिलिओ यांनी दाखवलं. न्यूटनचे गतीचे नियम आले १६८७ मध्ये. तरी समीकरणं न्यूटनच्या नावावर! असो, परीक्षेत पुस्तकात आहे तेच नाव लिहायचं.

उत्तरपत्रिकेत तिने आधी थांबायला लागणारा वेळ काढावा, ५ सेकंद. मग एक वाक्य: '५ सेकंदांनंतर कार स्थिर आहे.' आणि व्ही² = यू² + २एएस वापरून ० = ४०० − ८एस, एस = ५० मीटर. ते एक वाक्य गाळलं तर तपासणाऱ्याला वाटतं मागचं उत्तर बघून जुळवलंय.

विद्याविहार_मेकॅनिकल

मान्य, बाई. टी = २ चं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

भोईवाड्याची_आई

बाई, खूप आभार. आलेख काढला. खालचा त्रिकोण तिने लाल पेनने रंगवला आणि वर 'खोटा' असं लिहिलं 😀

आता तिची नवी शंका. चेंडू अगदी वर पोचला की क्षणभर थांबतो, वेग शून्य. कारही थांबते, वेग शून्य. मग कारचं त्वरण शून्य झालं आणि चेंडूचं का नाही? मी "गुरुत्वाकर्षण असतं ना" म्हटलं, तर म्हणते, "ते कारवर पण आहे."

खडू_डस्टर

या मुलीला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवलं असतं.

त्वरण वेगावरून ठरत नाही, एकूण बलावरून ठरतं. कारवर गुरुत्वाकर्षण आहेच, पण रस्ता तिला तेवढ्याच बलाने वर उचलून धरतो. उरलं होतं फक्त घर्षण, ते थांबल्याबरोबर गेलं. एकूण बल शून्य, म्हणून त्वरण शून्य. चेंडूला माथ्यावर खालून कोण धरतंय? कोणीच नाही. वेग शून्य असलेल्या त्या क्षणीही त्याच्यावर पूर्ण वजन आहे, म्हणून त्वरण −१०. म्हणूनच तो तिथे टिकत नाही. आणि तिला विचारा, कार चढावर असती आणि थांबल्याबरोबर ब्रेक सोडला असता तर? मग रिव्हर्स न टाकताही मागे आली असती.

नॉच_आणि_ब्रेक

मी लोकलचा मोटरमन होतो, चर्चगेट–विरार. रिटायर झालो. बाईंनी जे कागदावर मांडलं ते आमच्या हाताला ठाऊक असायचं. सूत्र दहावीनंतर मी कधी लिहिलं नाही, पण दर स्टेशनाला सोडवलं.

पोरीला सांगा, लोकलमध्ये उभी असताना लक्ष दे. गाडी स्टेशनात शिरून ब्रेक लागला की उभे असलेले सगळे पुढे झुकतात. ब्रेक तसाच धरून ठेवला तर गाडी थांबते त्या क्षणी सगळे एकदम मागे जातात. तोच तुमचा पाचवा सेकंद. तोपर्यंत प्रत्येक जण पाय रोवून ब्रेकच्या विरुद्ध तोललेला असतो, त्वरण एका फटक्यात शून्य होतं, आणि तोल सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून चांगला मोटरमन थांबायच्या जरा आधी ब्रेक हळूहळू सैल करतो. आम्ही नवीन असताना शिकवणारे मागे उभे राहायचे आणि फक्त शेवटचा झटका बघायचे. बाकी कसं चालवलं ते नंतर बोलायचे.

याचा अर्थ आमचं त्वरण एकसमान नसतंच. सुरुवातीला थोडा ब्रेक, मग वाढवायचा, शेवटी सोडायचा. पण अंदाज बांधायला तुमचं सूत्र चालतं. हिशेबाला ०.७५ मी/से² धरू. ताशी ५४ किमी म्हणजे १५ मी/से. २२५ भागिले १.५, थांबायला १५० मीटर. आता ताशी ७२ घ्या. ४०० भागिले १.५, झाले २६७ मीटर. वेग १८ नेच वाढला, पण अंतर ११७ मीटरनी वाढलं. बारा डब्यांची गाडी असते अडीचशे मीटरच्या आसपास. म्हणजे ७२ ने शिरून प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी ब्रेक धरला, तर बारा डब्यांच्या पाटीच्या, म्हणजे गाडीचं तोंड जिथे थांबवायचं त्या खुणेच्या, पुढे निघून जाणार. मग पहिल्या डब्यातले लोक काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

वेगाचा वर्ग असतो हे पोरांना कळायला पाहिजे. बाइक घेऊन ईस्टर्न एक्सप्रेसवर निघतात, वाटतं वेग दीडपट केला तर थांबायला अंतर दीडपट लागेल. सव्वादोन पट लागतं. आणि ब्रेक दाबायच्या आधी डोळ्याने बघून पाय हलायला जो वेळ जातो, त्यात गाडी पूर्ण वेगाने पळत असते, ते अंतर वेगळंच.

आणि पाऊस. धो धो पडत असेल तर रूळ धुऊन निघतात, पण जूनमधली पहिली भुरभुर फार वाईट. रुळावरचं तेल, धूळ आणि पाणी यांचा पातळ लगदा होतो, चाक सरकतं. ब्रेक कितीही धरा, त्वरण मिळतच नाही. तेव्हा गाडी आधीपासूनच सांभाळून आणायची.

तर पोरीला माझं गणित. पहिला पाऊस, त्वरण ०.७५ ऐवजी ०.५ च मिळतंय. गाडी ताशी ५४ ने चाललीये. पाटीच्या किती आधी ब्रेक धरायचा, आणि थांबायला वेळ किती लागेल? क्लासला विचारायचं नाही.

भोईवाड्याची_आई

मी तिची मुलगी लिहितेय, आईचा फोन आहे.

काका, २२५ मीटर आधी. वेळ ३० सेकंद. मी मुद्दाम ४० सेकंद घालूनही बघितलं, सूत्राने २०० मीटर दिलं, पण ते खोटं आहे कारण गाडी ३० लाच थांबली. ४० सेकंदांनीपण २२५ च.

प्लॅटफॉर्मच्या तोंडापासून पाटी २५० मीटरवर असेल, तर ब्रेक धरायच्या आधी २५ मीटर उरतात. म्हणजे दीड सेकंदाच्या थोडं वर. तेवढं पुरतं का?

नॉच_आणि_ब्रेक

गणित शंभर टक्के बरोबर.

दीड सेकंद पुरत नाही गं. पहिल्या पावसात ०.५ मिळेल की ०.४ हे ब्रेक धरल्यावरच कळतं. मी प्लॅटफॉर्म लागायच्या आधीच धरला असता. ०.४ ला किती मीटर लागतील ते काढ, मग कळेल का.