कापणीच्या सणाला रिक्षावाल्या चाचांचे आभार कसे मानू?

निवृत्त_नर्सबाई (नगर)

सलाम सगळ्यांना. प्रश्न लहान आहे, पण मला पाल्हाळाची सवय आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचा.

मी ३१ वर्षं स्टाफ नर्स होते. रिटायर झाले, गुडघ्यांनी संप पुकारला आणि नेमकं तेव्हाच हे रस्त्यावरच्या कुत्र्यांचं मागे लागलं. आमची संस्था वगैरे काही नाही. बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही. आठ माणसं, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि माझ्या ओट्याखालचा स्टीलचा डबा. त्यात पूर्वी नाताळचा फराळ असायचा, आता चिमटे, गॉज आणि आयोडीनची बाटली असते.

कौतुक मात्र सगळं माझ्या वाट्याला येतं. उपासनेनंतर कोणी ना कोणी हात धरून म्हणतं, "बाई, तुमचं काम देवाचं." फोटोत कुत्रं माझ्या मांडीवर असतं ना! बाकीची माणसं फोटोच्या बाहेर. ती कोण, ते सांगते.

भिंगारचे एक रिक्षावाले चाचा आहेत. मागच्या सीटवर निवडणुकीतला जुना फ्लेक्स अंथरतात, म्हणजे रक्त लागलं तर पाण्याने धुता येतं. गेल्या पावसाळ्यात मनमाड रोडवर ट्रकने उडवलेली एक कुत्री कुठल्याशा उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्यावर आडवी होऊन दवाखान्यात गेली. चाचा गॅसपुरते पैसे घेतात, तेही दहादा म्हटल्यावर.

आमचे टेलरकाका जुन्या एक्स-रे फिल्मचे कोन शिवतात. टाके चाटू नयेत म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालतो ते. कडेला साडीच्या फॉलची पट्टी लावतात, नाहीतर मान कापते. फिल्म मी पुरवते. आमच्या एका कुत्र्याच्या गळ्यात माझ्याच गुडघ्याचा एक्स-रे होता.

तिसऱ्या आमच्या कणीवाल्या मावशी. रोज तीन किलो कणी, चिमूटभर हळद, चिकनवाल्याकडचे पाय आणि मुंडकी, मीठ अजिबात नाही. या मावशींना कुत्र्यांची भयंकर भीती वाटते. चार वर्षांत एकाही कुत्र्याला हात लावलेला नाही. पातेलं दाराबाहेर ठेवतात, कडी लावतात आणि खिडकीतून सांगतात, "गरम आहे, निववून द्या."

आणि एक कॉलेजचा मुलगा. माळीवाड्यात एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानामागे जखम होऊन अळ्या पडल्या होत्या. गॉजची पट्टी तोंडाला बांधली आणि मुलाला डोकं धरायला सांगितलं. पावडर टाकल्यावर अळ्या आतून वर यायला लागतात. मी चिमट्याने एकेक काढून झाकणात टाकत होते, मोठ्याने मोजत होते. जुनी सवय, आत काही राहायला नको. सतराव्या अळीला मुलगा म्हणाला, "मावशी, एक मिनिट." गटारापाशी जाऊन ओकला, चूळ भरली, परत येऊन त्याच जागी बसला आणि म्हणाला, "अठरा." त्या दिवशी ४३ निघाल्या. पुढचे पाच दिवस तो रोज आला.

आता खरी गोम. या चौघांपैकी ख्रिस्ती फक्त टेलरकाका. रविवारी सकाळी मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणी म्हणत असते तेव्हा कुत्र्यांची फेरी चाचा आणि तो मुलगा मारतात. २५ डिसेंबरलाही त्यांनीच मारली.

नोव्हेंबरात आमच्याकडे कापणीचा सण आहे. उपासना, मग अंगणात लिलाव. गेल्या वर्षी एक भोपळा ११०० रुपयांना गेला! माझ्या मनात आहे की त्या दिवशी या सगळ्यांना बोलवावं आणि मंडळीसमोर आभार मानावेत. अडचणी दोन. एक, कमिटीतले एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "बाई, इथे माणसं उपाशी आहेत." (उपाशी माणसांच्या दारात ते मला कधी भेटलेले नाहीत, पण असो.) दुसरी अडचण मोठी. दुसऱ्या धर्माच्या माणसांना चर्चमध्ये उभं करून शाल घातली, तर लोक काय काय अर्थ काढतील? आणि त्यांनाच अवघडल्यासारखं झालं तर? तुमच्याकडे कोणी असं केलंय का?

जुना_पाळक (मिरज)

बाई, सलाम. चाळीस वर्षं उपदेश केले, आता घरचे ऐकत नाहीत म्हणून इथे लिहितो.

तुमच्या कमिटीवाल्यांना बायबलातल्या योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वचन वाचायला द्या. निनवेत १,२०,००० हून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, मग मी त्या शहराची कीव करू नये काय, असं देव विचारतो. पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. तुमच्या सद्‌गृहस्थांनाही उत्तरासाठी घाई करू नका.

मागे राहणाऱ्यांसाठी मात्र १ शमुवेल ३० काढा. दावीद ६०० माणसं घेऊन निघाला. बसोर ओढ्यापाशी २०० जण इतके थकले की तिथेच सामानापाशी थांबले. बाकीचे लढून परतले, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणांनी कुरकुर केली की यांना लुटीतला वाटा कशाला. दावीदाने ठरवून टाकलं, लढाईत उतरणाऱ्याचा जो वाटा तोच सामान राखणाऱ्याचा, आणि इस्राएलात तो कायमचा नियम झाला. तुमच्या मावशी कडी लावून पातेल्यापाशी बसल्यात ना, त्यांचं नाव या अध्यायात आहे असं समजा.

शाल नको. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बघा. पौलाने एकेकाला सलाम सांगितलाय, आणि कित्येकांच्या नावापुढे त्यांनी काय केलं तेही लिहिलंय. हिने पुष्कळांना मदत केली, त्यांनी माझ्यासाठी मान धोक्यात घातली, अमकीने फार श्रम घेतले. काम नेमकं सांगितलं की माणसाला कळतं, आपल्याकडे खरंच कोणाचं तरी लक्ष होतं.

वसईची_पोर

आमच्या धर्मग्रामात ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला, फादर प्राण्यांना आशीर्वाद देतात. एका वर्षी आम्ही हौसेने स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माईक, सगळं. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं तशी एक बोकडी दचकली आणि हारांचं ताट खाली. तीन हार तिने जागेवर खाल्ले. सत्कारमूर्तींना तेवढंच काय ते आवडलं.

मग आमच्यातल्या एका ताईंनी शहाणपणा केला. प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? सहापैकी पाच जण म्हणाले, रेबीजची लस. चावल्यानंतरची वेगळी, चावण्याआधी घेतात ती. तीन डोस असतात, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, मग २१व्या किंवा २८व्या. पुढे कधी चावा बसला तर लगेच धुवायचं, डॉक्टरांकडे जायचंच, पण मग दोन डोसांत भागतं आणि सीरम (जखमेत टोचतात ते वेगळं औषध) लागत नाही. आम्ही त्या वर्षी हारांचा खर्च वजा करून सगळ्यांना ती लस दिली. नर्सबाईंना हे मी काय सांगणार म्हणा, पण चाचांनी आणि त्या मुलाने घेतलीये का?

स्पष्ट_बोलतो

माझ्या मुलीला गेल्या वर्षी शाळेतून येताना कुत्रं चावलं. पाच इंजेक्शनं. तुम्ही खायला घालता, आभार मानता, आणि भोगायचं आमच्या पोरांनी?

निवृत्त_नर्सबाई (नगर)

@स्पष्ट_बोलतो, तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मी वॉर्डात रेबीजचा पेशंट पाहिलाय, एकदाच. पुन्हा बघायची ताकद नाही. म्हणूनच आम्ही नसबंदी आणि लसीशिवाय नुसतं खायला घालत नाही. ज्यांचं झालंय त्यांच्या कानाला खाच असते. खाच नसलेलं नवं कुत्रं दिसलं की वहीत नोंद होते, वही तो मुलगाच ठेवतो. खाणं नेमलेल्या जागीच, शाळेच्या वाटेवर नाही. मुलीला आता भीती वाटते का हो? आमच्या मावशींना वाटते, त्यात कमीपणा काही नाही.

@वसईची_पोर, अगं, मला लाज वाटली. मी घेतलीये, त्यांना विचारलंच नव्हतं.

सोलापूरचे_मास्तर

थोडा इतिहास, कारण मला राहवत नाही. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध लंडनमध्ये १८२४ साली संस्था निघाली ती एका कॉफी हाउसात, आणि तिचा पहिला सचिव होता आर्थर ब्रूम नावाचा पाद्री. बैठकीला विल्यम विल्बरफोर्सही होते, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले तेच. दोन वर्षांत संस्था कर्जात बुडाली आणि त्या कर्जापायी ब्रूमला तुरुंगात जावं लागलं. त्याला सोडवायला पैसे उभे केले त्यात लुईस गॉम्पर्ट्झ होते. ते ज्यू. पुढे संस्था सांभाळली तीही त्यांनीच. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने तिला 'रॉयल' म्हणायची परवानगी दिली.

म्हणजे पहिल्यापासून गाडा असाच चाललाय बाई, पाद्री पुढे आणि दुसऱ्या धर्माचा माणूस बिल भरतोय. तुमची मेडिकलची उधारी किती झालीये?

रविवारची_फेरी (पुणे)

मी तुमच्या चाचांच्या जागी आहे, म्हणून लिहिते. मी हिंदू, आमच्या ग्रुपमधल्या दोन ताई ख्रिस्ती. रविवारी सकाळची फेरी माझी, दिवाळीत चार दिवस त्यांची. हे कोणी ठरवलं नाही, होत गेलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी घाबरून पुलाखाली शिरलेल्या पिल्लांपाशी त्यातली एक ताई नवी साडी न नेसता जुन्या गाऊनवर दोन तास बसली होती. तिला मी काय शाल घालणार?

एका कार्यक्रमात (कुठल्या ते जाऊ द्या) मला सत्काराला बोलावलं होतं. फोटो छापून आला, त्याखाली माझं नाव चुकीचं आणि संस्थेचं बरोबर. त्यापेक्षा चहाला बोलवा. प्रार्थनेत नाव घेणार असाल तर आधी विचारा. मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. आणि खरं सांगू? टाळ्यांऐवजी एका रविवारी कोणीतरी म्हणावं, आज तू झोप, फेरी आम्ही मारतो.

निवृत्त_नर्सबाई (नगर)

सगळ्यांचं वाचलं. मास्तर, उधारी ६४०० आहे, तुरुंगाइतकी नाही.

ठरलं ते असं. शाल रद्द. उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत आमचे पाळक कामं वाचतील, कणी, कोन, फ्लेक्स, वही, आणि नाव त्यांचंच जे हो म्हणतील. मावशी हो म्हणाल्या, "पण कुत्री तिथे आणणार नाही ना?" असं विचारून. लिलावात टेलरकाकांचा एक कोन ठेवायचाय. तो कोण घेणार आणि कशाला, देव जाणे, पण भोपळा ११०० ला जातो तिथे काहीही जाईल. पैसे आधी लशीला, मग मेडिकलला. कमिटीतले सद्‌गृहस्थ अजून गप्प आहेत. योना वाचत असावेत.

सणानंतरच्या रविवारची फेरी मी आणि टेलरकाका मारणार. उपासना बुडेल. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर काढायचा, असं लिहिलंय. जा."

काल संध्याकाळी चाचांना हे सगळं सांगायला भिंगारला गेले. त्यांनी रिक्षा पुसत पुसत ऐकून घेतलं. लशीला हो म्हणाले, नाव घ्यायलाही हो. मग मागची सीट दाखवली. उमेदवाराचा चेहरा नाकापासून खाली फाटलाय.

"बाई, ते सगळं ठीक," म्हणाले, "नवीन फ्लेक्सचं काही बघा ना."