कोल्हापूरजवळ एमटीबीसाठी (डोंगरवाटांची सायकल) रूट सुचवा

प्रश्न: हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली सायकल), 2.2 इंची ट्यूबचे टायर. तिघेजण आहोत, एक अगदी नवखा. कुठं जावं?

उत्तर 1: नवख्याला आधी कात्यायनी मंदिराकडं न्या. पन्हाळ्याचा घाट, सुमारे 20 किलोमीटरवर, दम तयार झाल्यावर. मुरलेल्यानं पन्हाळ्यापुढं मसाई पठार गाठावं. मळलेली वाटच धरा, फुलांवर चाक नको.

उत्तर 2: भावा, पठारावर जांभा दगड आहे. पावसात त्यावर शेवाळ धरतं. तिथं पुढचा ब्रेक दाबला की चाक सटकलंच. सत्तर किलोच्या माणसानं टायरमधली हवा 28-30 पीएसआय (दाबाचं माप) ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेपते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

उत्तर 3: घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, रोटर (ब्रेकची चकती) तापून पकड जाते. वळणाआधी दाबा, मग सोडा.