मदत हवी आहे: मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी, घरच्यांना आणि पाळणाघरात कसं समजवावं?

मुलगी अडीच वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने बोटाला लागलेलं पीनट बटर चाटलं. दहा मिनिटांत कान खाजवायला लागली, मग ओठांभोवती लाल कडं, पोटावर गांधी, एक उलटी, आणि आवाज बसला. "आई" म्हणाली, पण तो आवाज तिचा वाटेना. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिन दिल्यावर थोड्या वेळाने आवाज मोकळा झाला.

नंतर रक्त तपासलं, तर शेंगदाण्याबरोबर गहू, दूध आणि सोयाही पॉझिटिव्ह. हे तिन्ही ती पहिल्यापासून खाते, कधीच काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तात आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) सापडलं म्हणजे खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. जे पचतंय ते बंद करू नका, उगाच बंद केलं तर वजन वाढणार नाही. मला हे पूर्ण पटलं आहे.

घरी मात्र उलटंच चाललंय. सासूबाईंना रिपोर्ट दिसल्यापासून गहू आणि दूध बंद करायचं आहे, आणि शेंगदाण्याबद्दल म्हणतात, "एखादा दाणा देत जा, सवय होईल." त्या प्रेमापोटीच बोलतात, हे मला कळतं. नणंदेने 2015 च्या 'लीप' अभ्यासाचा दाखला दिला, की लवकर शेंगदाणा दिलेल्या बाळांना ॲलर्जी कमी झाली. खरं आहे ते, पण ती बाळं 4 ते 11 महिन्यांची होती, आणि त्वचेच्या चाचणीत मोठी गांध उठलेली बाळं त्यांनी आधीच वगळली होती. आमची गाडी त्या स्टेशनाच्या पुढे गेली आहे, हे कसं सांगू?

दुसरी काळजी पाळणाघराची. ताई मायाळू आहेत, पण त्यांचा सगळा भरवसा ॲलर्जीच्या सिरपवर. सिरपने खाज आणि गांधी कमी होतात, श्वास अडकला तर त्याचा उपयोग नाही, तिथे आधी ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे डोस लिहून दिला आहे, पण सुई म्हटलं की त्या मागे सरतात. शिवाय मुलांचे हात सॅनिटायझरने पुसतात. शेंगदाण्याचा अंश त्याने जात नाही, साबण-पाणीच लागतं.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा: इंजेक्शन कधी द्यायचं हे सांभाळणाऱ्यांना कसं शिकवलंत? कागद भिंतीवर लावलात, की समोर बसवून सराव करून घेतलात? पालकांनी स्वतः मांडीवर सराव कशाने केला? आणि घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांकडे सोबत नेल्याने फरक पडला का?

सोमवारपासून ती पुन्हा पाळणाघरात जाणार आहे. तोवर काही सुचवलंत तर फार मदत होईल.