मदत हवी आहे: रेडिओची बॅटरी विमानात चालेल का? (तातडीचं)

सातारी_तारा
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात बेटावर जातोय, हौशी (हॅम) रेडिओचा सेट, म्हणजे रिग, सोबत नेणार. बॅटरी चेक-इनमध्ये टाकू की हातात घेऊ? हेल्पलाइनवर नुसतं संगीत ऐकून झालं. ज्यांनी स्वतः नेली आहे त्यांनीच सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

अनुजा_के
कुठलं बेट? कुठली बॅटरी?

मामा_मालवणकर
अंदमानला जाताय तर बोटीनेच जा, मजा वेगळीच. उलटीची गोळी मात्र बोट सुटायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही. आल्याचा तुकडा खिशात ठेवा.

सातारी_तारा
मामा, विमान. शीर्षकातच आहे. बॅटरी लिथियमची आहे, हलकी आहे, एका हाताने उचलता येते.

अनुजा_के
वजनाचा संबंध नाही हो. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, वॅट-अवर मिळतील. १०० पर्यंत हातातल्या बॅगेत चालते. १०० ते १६० असेल तर एअरलाइनची आधी परवानगी, तीही दोनच नगांना. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये तर कधीच टाकू नका. आणि टर्मिनलवर चिकटपट्टी लावा.

सातारी_तारा
१२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवर.

अनुजा_के
३८४. घरीच ठेवा.

डिटडाडिट
अंदमानचा विषय निघालाच आहे तर नव्या लोकांसाठी सांगतो. १९८७ नंतर तिथे हॅम रेडिओ बंदच होता. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद (हवेतली ओळख, म्हणजे कॉलसाइन, व्हीयू२आरबीआय) टीम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या आणि व्हीयू४ (अंदमानच्या कॉलसाइनची सुरुवात) पुन्हा हवेत आलं. जगभरातून नुसती झुंबड. २६ तारखेला त्सुनामी आली. टेलिफोन गेले तेव्हा याच लोकांनी डीएक्स (लांबच्या स्टेशनांशी बोलणं) बाजूला ठेवून बचावकार्याचे आणि नातेवाइकांचे निरोप पोचवले. रिग घेऊन निघालात, उत्तम. पण सोबत काय न्यायचं ते बॅटरीपुरतं बघू नका.

सातारी_तारा
अंदमान कोण म्हणालं? मामा म्हणाले. मी अगत्तीला जातोय.

खारा_वारा
अगत्ती म्हणजे लक्षद्वीप! व्हीयू७! हे आधी सांगायचं ना राव, आम्ही इथे गुणाकार करत बसलोय. प्रवेश परवाना काढलात का? आणि तो निव्वळ पर्यटनाचा. रेडिओ चालवायची डब्ल्यूपीसीची (केंद्राचं वायरलेस परवान्याचं खातं) लेखी परवानगी वेगळी, लायसन्सवर तुमचा साताऱ्याचा पत्ता असणार. कागद हातात नसेल तर बॅटरीचा प्रश्नच उरत नाही.

निनावी_बगळा
कशाला विचारायला जाता? विचारलं की फाइल फिरत राहते. पाच-दहा वॅटवर रात्री दोन तास बोलायचं आणि तार गुंडाळायची. कोण बघतंय?

खारा_वारा
सगळे बघतात, बगळेराव. व्हीयू७ चा पहिला सीक्यू ('कुणी आहे का' अशी हाक) गेला की मिनिटात क्लस्टरवर (कोण कुठे ऐकू येतंय त्याची ऑनलाइन यादी) नाव लागतं, अख्खं जग त्या फ्रिक्वेन्सीवर येऊन बसतं. कवरत्तीला नौदलाचा तळ आहे, २०२४ मध्ये मिनिकॉयलाही आयएनएस जटायू झाला. आणि विनापरवाना स्टेशनशी बोललेलं डीएक्ससीसीत (किती देशांशी बोललो त्याचा पुरस्कार) धरत नाहीत, म्हणजे समोरच्यालाही फुकट. तुम्ही घरी बसून सल्ले देणार, पोलिसांना उत्तरं हे देणार.

सातारी_तारा
भांडू नका. परवानगीचा अर्ज गेलाय, सही बाकी आहे असं सांगतात. कागद आला नाही तर रिग घरी राहील. आला तर अडायला नको म्हणून बॅटरीचं आत्ता विचारतोय.

अनुजा_के
लायसन्स जनरल की रिस्ट्रिक्टेड? रिग किती वॅटचा?

सातारी_तारा
रिस्ट्रिक्टेड. रिग १०० वॅटचा. का?

अनुजा_के
रिस्ट्रिक्टेडला ५० वॅटची मर्यादा आहे, म्हणून. १०० वॅटच्या हिशेबाने एवढी मोठी बॅटरी घेतलीत ना? पॉवर २० वॅटवर आणा आणि १२.८ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लहान न्या. ८९.६ वॅट-अवर होतात, विनापरवानगी हातात चालते.

तुळजाईचा_भक्त
बॅटरी हवीच कशाला पण? लॉजवर २३० व्होल्ट असणारच. एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) न्या.

सातारी_तारा
किनाऱ्यावर बसायचंय. खोलीत बसायला सातारा काय वाईट?

खारा_वारा
किनारा बरोबर आहे. एसएमपीएस आणि लॉजच्या एलईडी दिव्यांच्या खरखरीत कानाचे पडदे जातात. पाण्याच्या अगदी कडेला मासेमारीच्या गळाची फायबरची काठी उभी करा, तिला पाच मीटर तार, खाली रेडियल (जमिनीवर पसरायच्या तारा). २० मीटर बँडवर पाव लांबीची उभी अँटेना झाली. समोर खारं पाणी असलं की सिग्नल क्षितिजालगत लांब जातो, युरोप-जपान लीलया.

नारळीपौर्णिमा
गळ वाऱ्यात मोडतो. तिथे नारळ कमी आहेत का? ४० मीटर बँडची एंड-फेड (एका टोकाला जोडायची अँटेना), २० मीटर लांब तार, टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. दोन माडांत बांधा, एकाच तारेवर ४०, २०, १५, १० मीटर सगळे बँड. गेली कित्येक वर्षं मी दुसरं काही वापरलेलं नाही.

खारा_वारा
म्हणूनच तुम्हाला दुसरं काही माहीत नाही. माडाच्या झावळ्यांत तार म्हणजे अर्धी पॉवर झाडाला.

नारळीपौर्णिमा
कुठे मोजलंत?

डिटडाडिट
तुमचं माड-गळ चालू द्या. २०२३ मध्ये ३वाय०जे ही हॅम टीम अंटार्क्टिकाजवळच्या निर्जन बुव्हे बेटावर उतरली ती आठवा. रबरी बोट लाटांतून किनाऱ्याला लावता येईना, तेव्हा माणसं सर्व्हायव्हल सूट घालून बर्फगार पाण्यात पोहत गेली आणि सामान दोरीने ओढून घेतलं. ठरवलेला मोठा कॅम्प गुंडाळून लहान तंबूंवर भागवलं.

निनावी_बगळा
तिथे बॅटरीला किती वॅट-अवरची मर्यादा होती?

अनुजा_के
मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. सातारी_तारा, तुम्हाला बोलायचंय कुणाशी?

सातारी_तारा
पुणे-सातारा-मुंबईची मंडळी, अजून कोण! आमच्या सकाळच्या रेडिओ नेटवर (ठरल्या वेळी सगळे एकत्र बोलतात ते) सगळ्यांना सांगून ठेवलंय. युरोप-जपान मी म्हणालो का?

अनुजा_के
मग उभी अँटेना नको. पुणे तिथून साधारण साडेआठशे किलोमीटर. लांब पल्ल्याच्या सपाट कोनाचा इथे फायदा नाही, सिग्नल वर जाऊन खाली यायला हवा. ४० मीटर बँड, आडवी तार, फार उंच नको. थोडक्यात माडावाल्यांची.

नारळीपौर्णिमा
🙏

खारा_वारा
४० मीटरवर ठीक. पण संध्याकाळी २० वर जपान आला तर बघत बसा. पाच मीटर तार खिशात मावते, तीही न्या.

मामा_मालवणकर
अगत्तीला ट्यूना ताजा मिळतो. वाळवलेलाही मिळतो, 'मास' म्हणतात त्याला. येताना आणा.

सातारी_तारा
७ अँपिअर-अवरची पुण्यात कुणाकडे चार दिवस उसनी मिळेल का? आजच नवीन घेणं परवडणार नाही, ३० ची आत्ताच घेतलीय.

तुळजाईचा_भक्त
माझ्याकडे आहे. कोथरूड. पण लेड-ॲसिडवाली.

सातारी_तारा
ती विमानात चालते का??