मेळ्यातला पैसा चित्रकारापर्यंत पोचतो का?

कुणीतरी विचारलंय, की आदिवासी चित्रांच्या विक्रीमेळ्यांत कमाई शेवटी दलालांचीच ना? ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात भरणाऱ्या आदिवासी कलेच्या मेळ्यापुरतं, म्हणजे डार्विन अ‍ॅबोरिजिनल आर्ट फेअरपुरतं, तरी तसं नाही. तिथे स्टॉल असतात ते दूरच्या वस्त्यांतल्या, आदिवासींच्याच मालकीच्या आर्ट सेंटरांचे, म्हणजे कलाकेंद्रांचे. मेळा कमिशन घेत नाही, विक्रीचे सगळे पैसे सेंटरांकडे जातात.

खरी मेख पुढे, चित्र पुन्हा विकलं जातं तेव्हा. आदिवासी चित्रकार क्लिफर्ड पॉसम यांचं 'वारलुगुलाँग' हे चित्र १९७७ मध्ये १,२०० डॉलरला गेलं, २००७ च्या लिलावात २४ लाखांना! तोवर चित्रकार वारले होते आणि वारसांना काही द्यायचं कायदेशीर बंधन नव्हतं. पुनर्विक्रीच्या किमतीतले ५ टक्के चित्रकाराला किंवा वारसांना देण्याचा कायदा ऑस्ट्रेलियात आला २०१० मध्ये. त्यातही कायदा येण्याआधीच कुणाच्या ताब्यात असलेल्या चित्रांची त्यानंतरची पहिली पुनर्विक्री वगळलेली. मला हे जास्त खटकतं.