पळासनेरच्या उताराला कॅमेरे आधी की खडीचा रॅम्प आधी?

गिरणाकाठचा (जळगाव)

४ जुलै २०२३ ला पळासनेरला काय झालं ते धुळे-शिरपूरच्या माणसाला नव्याने सांगायला नको. मध्य प्रदेशाकडून मुंबई-आग्रा महामार्गाने येणारा कंटेनर, ब्रेक निकामी, वाटेतल्या गाड्या उडवत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात. किमान दहा माणसं गेली, त्यात बसची वाट बघत उभे असलेलेही होते. आपण हळहळलो आणि विसरलो.

माझं म्हणणं साधं आहे. मुंबई-पुणे द्रुतगतीच्या सुमारे ९५ किलोमीटरवर २०२४ पासून वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा चालू आहे. मग तसली यंत्रणा आमच्या उतारांना का नको? तिथे पैसेवाल्यांच्या गाड्या जातात आणि इथे केळीचे ट्रक, म्हणून?

एका खांबावरच्या कॅमेऱ्याला लोक फसवतात हे मान्य. म्हणून दोन लावायचे, एक उताराच्या माथ्याला, दुसरा खाली. दोन्ही नंबरप्लेट वाचतात आणि मधला वेळ मोजतात. समजा मध्ये ६ किलोमीटर अंतर आहे आणि अवजड गाडीला ४० ची मर्यादा आहे, तर ९ मिनिटं लागायलाच हवीत. पाच मिनिटांत पोचला तर चोरी पकडली. जोडीला टोलवरचा वजनकाटा आणि गावाच्या अलीकडे मोठा दिव्यांचा फलक. बोला.

लोडगाडी (भुसावळ)

भो, भरलेली गाडी घेऊन पळासनेरच्या वरचा बिजासन घाट उतरलात का कधी? दोन ट्रक आहेत माझे, आधी सोळा वर्षं स्वतः स्टिअरिंगवर होतो. डिझेल वाचवायला ड्रायव्हर न्यूट्रल मारतो. मग सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतो, लायनर जळतात, पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. त्या घडीला समोर फलक पेटला 'हळू चालवा', तर तो काय करणार, फलक वाचत खाली जाणार?

त्याला लागतो रॅम्प. रस्त्याच्या बाजूने वर चढत जाणारी, सैल खडी भरलेली वाट. गाडी तिच्यात रुतते, ड्रायव्हरही वाचतो. त्याला ना वीज लागते ना इंटरनेट.

आणि चलान कोणाला येतं? मालकाला. मागच्या वर्षी माझी गाडी इंजिन उतरवून गॅरेजला उभी, आणि मी कधी न गेलेल्या शहरातून चलान! फोटोत दुसराच ट्रक, कॅमेऱ्याने ८ चा ३ वाचलेला. तक्रार करा, गॅरेजचं बिल जोडा, वाट बघा. दीड महिना गेला.

गिरणाकाठचा

दादा, रॅम्प हवाच, त्यावर भांडण नाही. पण तुमच्याच बोलण्यात माझा मुद्दा आहे. ब्रेक जातात शेवटी. न्यूट्रल मारलेली गाडी पहिल्या दोन किलोमीटरांतच पळायला लागते. तिथेच वेग मोजला आणि पुढच्या वळणाला अडवलं, तर ड्रम तापायच्या आत थांबते. दंड नंतर बघू.

चुकीच्या चलानाबद्दल: २०२१ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आला. नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत गेली पाहिजे, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक पाटी पाहिजे, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं पाहिजे. हे भांडायला उपयोगी पडतं.

लोडगाडी

नोटीस पंधरा दिवसांत आलीच होती, पण जुन्या मोबाईल नंबरवर. नियम पाळला गेला, मी बुडालो.

तोरणमाळची वाट (शहादा)

दोघे भाऊ महामार्गावरच अडकलात. मी शाळेत शिकवते, रोज स्कूटीने वीस किलोमीटर जाते-येते. थंडीत संध्याकाळी साडेसहाला अंधार पडतो. समोरून अप्पर लाइट, आणि डोळे दिपले असताना पुढ्यात उसाची नाहीतर कापसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कधी तर ट्रॅक्टर पंक्चर, माणूस गावात गेलेला आणि मागे दोन दगड ठेवलेले. हे दगड मी मोजले आहेत, दोनदा जवळून.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४५ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची. म्हणजे आम्ही. यावल तालुक्यात किनगावजवळ फेब्रुवारी २०२१ ला पपईचा ट्रक उलटला, वर बसलेले पंधराएक मजूर दबून गेले. रात्री मालावर माणसं बसली आहेत हे ओळखायला कोणता सेन्सर लागतो हो? वाटेत कितीतरी जणांनी साध्या डोळ्यांनी पाहिलं असेल.

सिंहगड रोडवरचा खान्देशी (पुणे)

गिरणाकाठच्या भाऊंशी सहमत. द्रुतगतीवर लोक कॅमेऱ्याच्या कमानीआधी ब्रेक मारतात, पुढे परत दाबतात, म्हणून सरासरी वेगच मोजा. अवांतर: जळगावात आकाशवाणी चौकातल्या सिग्नलचं आधी बघा. समोर रस्ता मोकळा आणि आपण लाल दिव्यापुढे सेकंद मोजतोय.

निवृत्त ओव्हरसिअर (धुळे)

रांग बघून हिरवा दिवा कमी-जास्त करणारे सिग्नल असतात. पण ते गाड्या लेनमध्ये उभ्या राहतात असं धरून चालतात. आपल्याकडे थांब्याच्या रेषेपुढे रिक्षा, रिक्षापुढे मोटारसायकल, तिच्यापुढे गाय. असो.

मला वेगळंच बोलायचं आहे. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले, की तो 'ब्लॅक स्पॉट'. म्हणजे माणसं गेल्याशिवाय फाईल हलत नाही. गावकरी मात्र दहा वर्षं आधीपासून सांगत असतात, साहेब इथे रोज वाचतो आम्ही. त्या रोज वाचण्याची नोंद आमच्या कोणत्याच रजिस्टरात नव्हती. ती कॅमेरा करू शकतो. चौफुलीवर आठवडाभर चित्रण करा, कितीदा करकचून ब्रेक लागला, कितीदा दुचाकी हातभर अंतराने सुटली, ते संगणक मोजून देतो. मग गतिरोधक, दुभाजक, दिवा काय लागेल ते करा. पोलीस आता अपघाताची जागा मोबाईल ॲपमध्ये नोंदवतात, तेही चांगलंच. पण ती नोंद अपघात झाल्यावरची.

चलान फाडायला कॅमेरा लावाल तर लोडगाडीवाल्यांच्या बाजूने मी उभा. रस्ता दुरुस्त करायला लावाल तर गिरणाकाठच्या.

लोडगाडी

आप्पा, मोजतीन बी. पन मोजीसन कोन काय करस? कॅमेरा खड्डा बुजस का?

निवृत्त ओव्हरसिअर

नाही बुजवत. पण खड्डा नव्हताच असं मग कोणाला म्हणता येत नाही. मी स्वतः तसं लिहिलेलं आहे दोनदा.

गिरणाकाठचा

आप्पांचं पटलं. या सगळ्याचं एक निवेदन द्यायचं म्हणतो. त्यात पहिली मागणी रॅम्प, दुसरी माथ्यावर वेगमापन, तिसरी चौफुल्यांचं चित्रण असं करतो. लोडगाडी दादा, सही कराल का?

लोडगाडी

रॅम्प पहिला असेल तर करतो. चलानाचा शब्द दिसला तर खोडीन.

तोरणमाळची वाट

त्यात माझ्या ट्रॉल्या नाहीतच! राहू द्या. आमच्या शाळेतल्या पोरांच्या घरचे चौदा ट्रॅक्टर आहेत, तेवढ्यांना मीच टेप लावून घेते. कोणती आणायची?

निवृत्त ओव्हरसिअर

मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. साधी चमकी नको, रिफ्लेक्टिव्हच मागा, ५० मिलीमीटर रुंद. आणि ताई, आधी पत्रा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवा. चिखलावर लावली तर आठ दिवसांत सोलून निघते.