माळावर 40 रोपं लावली, 9 जगली. काय चुकलं?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या उचगावच्या वरच्या अंगाला आमचा 20 गुंठे माळ आहे. नुसता जांभा, हातभर खणलं की पहार खणखणते. मागच्या जूनमध्ये कोकम, जांभूळ, करंज आणि काजू अशी 40 रोपं लावली. पावसात अशी फोफावली की फोटो पाठवून पाहुण्यांना हैराण केलं. दिवाळीनंतर दर रविवारी स्कूटीवरून पाण्याचे दोन कॅन न्यायचो. मार्चमध्ये शेजारच्या माळाचं गवत कुणीतरी पेटवलं, एक ओळ त्यात गेली. पण जाळ न लागलेलीही वाळली! एक कोकम उपटून बघितलं, तर मुळं पिशवीच्या आकारातच गोल वेटोळं करून बसलेली. घरची म्हणते अकेशिया लावा, मरत नाही. मला ते नको.

जांबोटीकडचा:
कोकम उघड्या माळावर? ते आडोशाचं झाड, आमच्याकडे ओढ्याकाठी येतं. आधी करंज, काजू वर येऊ देत, मग त्यांच्या सावलीत कोकम. खड्डे मेमध्येच मारून तापू देत. पहार अडली तर हट्ट नको, भेग बघून चार फूट सरकायचं. लावताना पिशवी फाडून वेटोळ्याची मुळं ब्लेडनं छाटायची. जांभळाचं रोप कशाला विकत? खाल्लेल्या बिया आठवड्याभरात थेट खड्ड्यात टाक. वाळवून ठेवल्यास की उगवत नाहीत.

कडोलीची आक्का:
दोन कॅन 40 झाडांना म्हणजे नुसते ओठ ओले केलास की रे! गाडग्याच्या बुडाला बारीक भोक पाड, चिंधीची वात घाल आणि रोपाशेजारी गळ्यापर्यंत पूर. तोंडावर फरशीचा तुकडा. वर भाताचं पिंजर (पेंढा) पसर, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते. आणि जानेवारीतच कडेनं सहा हात पट्टा साफ कर. जाळ येणारच, हे धरून चाल.

सातबाराधारी:
वनखात्याच्या नर्सरीतून रोपं घेताना कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत नाव घाला. जगलेल्या रोपालाच पैसे, तीन वर्षांत हप्त्यानं. फॉर्म कन्नडमध्ये आहे, पोराला सोबत न्या.

माळावरचा:
आक्का, गाडगी सांगितली कुंभाराला. 14 खड्डे झाले. पंधराव्याला पहार वाकली, तिथनं सरकलो.